अक्षराआधी आवाज
(लहान मुलांची अक्षरओळख : ओसरीवर, अंगणात आणि कोपीवर)



दर अंकात आम्ही आपल्याशी बेणे, लागण, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या वेळचा विषय निराळा आहे. घरातील तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अक्षरओळख कशी करून द्यावी, हा तो विषय. "शेतकी खात्याने हे काम कधीपासून अंगावर घेतले?" असे कोणी विचारील, तर विचारणे रास्त आहे. परंतु ऊसनोंदीसाठी आणि पाहणीसाठी आम्ही बारा महिने आपल्या ओसरीवर येणारी माणसे. पाटी पुढ्यात घेऊन रडकुंडीला आलेले पोर आणि "क काढ म्हणतो ना!" म्हणून डोळे वटारणारे वडील, हे चित्र गावोगाव दिसते. गाळप सुरू झाले, टोळ्या आल्या, की कोप्यांवर दुसरे चित्र दिसते. तिथे पाटीच नसते.

दोन्हीकडची मुले सारखीच हुशार आहेत. दोन्हीकडे एकच गोष्ट राहून जाते, ती म्हणजे अक्षर दाखवण्याआधी आवाज ऐकवणे. या गोष्टीला खर्च नाही आणि शिकलेलाच माणूस पाहिजे असेही नाही. तेवढे नीट समजावून सांगावे, म्हणून हा लेख.

आधी कान, मग डोळा

आपल्याला 'क' दिसला की त्याचा आवाज आपोआप मनात उमटतो. मुलाचे तसे नसते. त्याच्या दृष्टीने 'क' ही नुसती रेघोटी. कणीस, कोयता, कुदळ या तिन्ही शब्दांच्या सुरुवातीला तोंडात एकच गोष्ट घडते, हे त्याने कधी लक्ष देऊन ऐकलेलेच नसते. बोलताना आपण सगळेच अर्थाकडे लक्ष देतो, आवाजाकडे देत नाही. मग तक्त्यावरचे चिन्ह दाखवून "हा क" म्हटले, तरी ते चिन्ह कशाला जोडायचे हे मुलाला उमगत नाही. ते पाठ करते आणि चार दिवसांत विसरते. उगवण होण्याआधीच वरखत टाकावे, तसा हा प्रकार आहे. खतात दोष नसतो, रानातही नसतो. वेळ चुकलेली असते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी कानाने ऐकणे, मग तोंडाने म्हणणे, मग बोटाने गिरवणे, मग डोळ्याने ओळखणे, आणि पेन्सिल सर्वांत शेवटी.

हा विचार आजचा नाही. आपल्याकडे पूर्वी पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे काढत. 'धुळाक्षरे' हा शब्द त्यातूनच आला. इटलीत मारिया मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह काढले. तेथे खरखरीत कागदाची अक्षरे मुलांनी बोटाने गिरवायची आणि गिरवताना त्याचा आवाज काढायचा, अशी रीत त्यांनी बसवली. महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाला जन्म वाहिला. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी या गावी खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांना बरोबर घेऊन ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडी साधने खेड्याला परवडत नाहीत, म्हणून पाने, बिया, शंख-शिंपले आणि खडे हीच तिथली साधने झाली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणावर गेली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे कोपीवरच्या मुलांविषयी बोलताना ती उपयोगी पडेल.

आपल्या लिपीची कळ

क पासून ज्ञ पर्यंत ३६ अक्षरे धरली आणि प्रत्येकाची बाराखडी १२ घरांची धरली, तर ४३२ आकार होतात. एवढे आकार पाच वर्षांच्या पोराने घोकायचे म्हटले तर त्याने पाटी टाकून पळून जावे, हेच योग्य! पण घोकायची गरज नाही. काना, वेलांटी, उकार, मात्रा ही चिन्हे कुठल्याही अक्षराला लागली तरी आपला आवाज बदलत नाहीत. 'का'मधला काना आणि 'मा'मधला काना एकच. हे मुलाला एकदा कळले की बाराखडी पाठ करावी लागत नाही. ती त्याला जुळवता येते.

म्हणून सगळी मुळाक्षरे संपेपर्यंत थांबू नये. थोडी अक्षरे घ्यावीत आणि लगेच शब्द करावेत. उदाहरणार्थ र, स, म, क, ल ही पाच अक्षरे आणि एक काना एवढेच भांडवल घ्या. त्यातून रस, सर, कर, मका, काम, काका, मामा, माल, साल, लाल, कलम, कमल, मसाला आणि सरकार, असे चौदा शब्द सहज होतात. आपण 'रस' वाचला आणि तो खराच गुऱ्हाळावरचा रस निघाला, हे कळल्यावर मुलाच्या तोंडावर जे हसू येते, ते तक्ता पाठ करून येत नाही.

आकारांचीही घराणी आहेत. ग, म, भ, न यांत उजवीकडे उभी दांडी. व, ब, क हे एका गोळ्याचे. र आला की स आणि ख सोपे. एका घराण्यातली अक्षरे जवळजवळ घेतली तर हाताला वळण लवकर बसते. मात्र घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, य आणि थ या फसव्या जोड्या आहेत. त्यांतले एक अक्षर पक्के झाल्याखेरीज दुसरे काढू नये.

मूल चुकते असे आपल्याला वाटते तेव्हा

काही ठिकाणी मूल बरोबर असते आणि आपणच त्याला रागावतो. अशा तीन-चार जागा सांगतो.

एक. 'भाकरी' हा शब्द टाळ्या वाजवून म्हणायला सांगितला, तर मूल 'भाक-री' अशा दोनच टाळ्या वाजवते. लिहिताना अक्षरे तीन. मूल चुकलेले नसते. मराठी बोलताना मधला आणि शेवटचा 'अ' आपण गिळतो. 'रस' लिहितो तसा पुरा म्हणत नाही, शेवटचा स तुटका म्हणतो. म्हणून पहिल्यांदा मोळी, गाडी, पपई, शिदोरी असे शब्द घ्यावेत, ज्यात टाळ्या आणि अक्षरे जुळतात. भाकरी, कोयता हे नंतर.

दोन. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च म्हणून पाहा. जीभ निराळ्या जागी लागते. 'झेंडा' आणि 'झाड' यांचेही तसेच. चिन्ह एक, आवाज दोन. एखादे चिकित्सक पोर "हा च तसा नाही" म्हणाले, तर त्याचा कान तिखट आहे असे समजावे आणि शाबासकी द्यावी.

तीन. ण आणि ळ यांनी आपल्या बोलण्यातला शब्द सुरू होत नाही. म्हणून ही अक्षरे शब्दाच्या शेवटी ऐकवावीत. आपल्या धंद्यात त्यांना तोटा नाही. गूळ, मोळी, मळी, गाळप, पाणी, लागण, तोडणी, बांधणी. पुष्कळ घरांत 'पानी', 'लोनी' असे बोलतात. त्यावरून मुलाला हिणवू नये. काल–काळ, माल–माळ, गाल–गाळ, मन–मण अशा जोड्या गमतीने म्हणाव्यात आणि "यात काय बदललं रे?" असे विचारावे. कान तयार झाला की जीभ मागाहून येते.

चार. ज्या घरी बंजारा किंवा भिल्ली बोली बोलतात, तेथील मुलाला 'अ अननसाचा' म्हणून काय कळणार? त्याच्या घरी वस्तूला जो शब्द असेल तोच घ्यावा आणि त्याचा पहिला आवाज ओळखायला लावावा. आवाज ऐकण्याची सवय एका बोलीत लागली की ती दुसऱ्या भाषेतही कामाला येते.

घरी खेळण्याचे सात खेळ

रोज पंधरा मिनिटे पुरेत. धार काढताना, भाकरी थापताना, बैलगाडीत बसल्या बसल्या पहिले चार खेळ होतात. त्यांना पाटी लागत नाही आणि वाचता येणेही लागत नाही.

१. टाळीचा खेळ. शब्द म्हणायचा आणि तुकड्यागणिक टाळी वाजवायची. गा-डी, प-प-ई, शि-दो-री. आधी घरच्या माणसांची नावे घ्यावीत. आपल्या नावाला किती टाळ्या लागतात, याचे मुलांना फार अप्रूप असते. बैलांची नावेही चालतील.

२. ओळखा पाहू. "मला चुलीजवळ एक वस्तू दिसते, तिचं नाव 'म'नं सुरू होतं." मीठ? मिरची? माठ? मूल सांगेल ते सगळे मोजावे. मग डाव मुलाकडे द्यावा. विचारण्याची पाळी त्याची आली म्हणजे त्याला आवाजाचा विचार करावाच लागतो.

३. टोपलीतली वेचणी. टोपलीत कांदा, कात्री, कुलूप, रुमाल, रबर, मक्याचे कणीस, मिरची असे जिन्नस टाकावेत. 'क'चे एकीकडे, 'र'चे एकीकडे, 'म'चे एकीकडे. कणीस 'क'मध्ये टाकायचे की मका म्हणून 'म'मध्ये, यावर पोरे भांडली तर भांडू द्यावीत. त्या भांडणातच शिक्षण आहे. (कात्री मात्र मोठ्यांनी हाताळावी.)

४. भेंड्या. शब्दाच्या शेवटच्या आवाजाने पुढचा शब्द. ऊस, मग साखर, मग रताळे. 'ण' किंवा 'ळ' आला तर आधीचा आवाज घ्यायचा, असा नियम आधीच करून ठेवावा. आजीला हा खेळ सर्वांत चांगला येतो. आजीच्या ओव्या, उखाणे, अंगाई यांतले यमक हीसुद्धा कानाची मशागतच आहे. ज्या आजीला सही येत नाही, ती नातवाच्या वाचनाचे निम्मे काम पाटी येण्याआधीच करू शकते.

हे चार खेळ महिना-दोन महिने झाले, आणि मूल शब्दाचा पहिला आवाज चटकन सांगू लागले, की पुढच्या खेळांना हात घालावा.

५. धूळपाटी. जुन्या ताटात चाळलेली बारीक वाळू किंवा थंड झालेली राख पसरावी. मुलाचे बोट धरून 'र' काढावा आणि काढताना 'र' म्हणावा. ताट हलवले की पाटी कोरी. खाडाखोड नाही, लाल रेघ नाही, त्यामुळे भीती नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या बोटांत पेन्सिल पेलण्याची ताकद नीट आलेली नसते. शेंगा सोलणे, कणीक मळणे, चिखलाचे बैल करणे यांनी ती येते. तेव्हा पोळ्याचे बैल हेही अक्षराचे पूर्वशिक्षणच म्हणावयाचे.

६. ठिकरीचा डाव. अंगणात राखेने किंवा खडूने घरे आखावीत आणि प्रत्येक घरात एक अक्षर लिहावे. ज्या घरात ठिकरी पडेल त्याचा आवाज म्हणायचा आणि एक शब्द सांगायचा, मग लंगडी. एका वेळी पाच-सहा अक्षरांहून जास्त घरे नकोत. ओळखीची चार आणि नवी एक-दोन, असे प्रमाण ठेवावे.

७. अक्षरांची जुळणी. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे चौकोन कापावेत. पाच अक्षरे आणि काना निराळ्या पुठ्ठ्यांवर लिहावा. 'मका' केला, आता म काढून क ठेवला तर काय झाले? 'काका' करायला आणखी काय लागेल? असे विचारत जावे. मग खताच्या पोत्यावर, एस.टी.च्या पाटीवर, किराण्याच्या पुडक्यावर ओळखीचे अक्षर शोधायला लावावे. मुलाच्या नावाची चिठ्ठी करून त्याच्या खुंटीला लावावी. स्वतःचे नाव हा मुलाचा पहिला धडा. तो त्याला कंटाळवाणा होत नाही.

काय करू नये

पहिले, घाई करू नये. शेजारच्याचे पोर चौथ्या वर्षी बाराखडी म्हणते, म्हणून आपल्याला चुरस नको. बाराखडी तालात म्हणणे निराळे आणि न पाहिलेला शब्द वाचणे निराळे. दुसरे, मारू नये, हसू नये. खेळात भीती शिरली की तो खेळ राहत नाही. तिसरे, मूल कंटाळण्याच्या आधीच डाव थांबवावा. "अजून एकदा" असे त्यानेच म्हणावे. चौथे, तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती चिंचोके, खडे यांसारख्या बारीक वस्तू देऊ नयेत, ती तोंडात घालतात. पाचवे, मोबाईलवरचे अक्षरगाणे लावून दिले म्हणजे आपले काम झाले, असे मानू नये. मोबाईल बोलतो, पण मूल काय म्हणते ते ऐकून त्याला जवळ घेत नाही. बोलणे आणि ऐकणे दोन्ही बाजूंनी झाले, तरच भाषा वाढते.

अंगणवाडीला पर्याय म्हणून आम्ही हे सांगत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण हा अंगणवाडीच्या कामाचा भाग झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय पायाभूत मानले. सहाव्या वर्षी पहिलीत पाऊल टाकण्याआधीची तीन वर्षे म्हणजे पोरांची खेळण्यात वाया जाणारी वर्षे नव्हेत. पायाचे दगड तेव्हाच बसतात. अंगणवाडीत जे होते, त्याला घरच्या पंधरा मिनिटांची जोड द्यावी, इतकेच.

कोपीवरच्या मुलांचे काय?

आता मुख्य गोष्ट. आपला ऊस तोडायला बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून जोडपी येतात. दिवाळीच्या सुमारास येतात आणि पट्टा पडला की जातात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. म्हणजे वर्षाचा मधला, कामाचा भाग या मुलांच्या हातून जातो. मोठी मुले गावी आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही कारखान्यांवर साखरशाळा चालल्या. पण तीन ते सहा वर्षांचे पोर आईला सोडून राहत नाही. ते पहाटे फडात येते आणि पाचटाच्या सावलीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसते. कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. त्या हक्कापाशी हे पोर पोचेल तेव्हा त्याच्या कानाने अक्षराचा आवाज कधी ऐकलेलाच नसेल, तर पहिलीतच ते मागे पडते. मागे पडलेले मूल शाळा सोडते, आणि शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती पुढे कोयता येतो. हे चक्र आपल्या डोळ्यांसमोर फिरते. त्या मुलांच्या आईबापांच्या घामावर आपला ऊस वेळेत गव्हाणीपर्यंत पोचतो, तेव्हा याचा विचार आपण नाही तर कोणी करायचा?

ताराबाई आणि अनुताईंनी शाळा कुरणावर नेली. आपल्याला कोपीपर्यंत एवढे तरी नेता येईल :

ज्यांच्या रानात किंवा गावाशेजारी टोळी उतरली असेल, त्यांनी मुकादमाला विचारून सहा वर्षांखालील मुले किती आहेत ते पाहावे आणि गावच्या अंगणवाडी सेविकेशी त्यांची गाठ घालून द्यावी.

आपल्या घरचे पाचवी-सातवीचे मूल संध्याकाळी अर्धा तास कोपीवर गेले, तर ठिकरी आणि भेंड्या खेळायला त्याला कोणी शिकवावे लागत नाही. शिकवणाऱ्या मुलाचेही त्यात नुकसान नाही. दुसऱ्याला सांगताना आपलेच पक्के होते.

एक जुने ताट, चार मुठी वाळू आणि पुठ्ठ्याचे काही तुकडे एवढे साहित्य प्रत्येक टोळीला देणे कोणालाही जड नाही.

हे सर्व वस्तीवर, दिवसाउजेडी, आणि गाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या वाटेपासून दूर करावे. उसाच्या वजनकाट्याशेजारी किंवा चालू फडात मुलांचा खेळ मांडू नये.

तोडणी करणाऱ्या भगिनींनाही आमचे सांगणे आहे. तुम्हांला अक्षर येत नसेल तरी काही अडत नाही. भाकरी थापताना पोराला विचारा, "भाकरी कशानं सुरू होते? अजून 'भ'चं काय काय आहे?" पोर भात म्हणेल, भाजी म्हणेल, भाऊ म्हणेल. तेवढ्याने त्याच्या कानात 'भ' रुजला. उद्या गुरुजी फळ्यावर 'भ' काढतील, तेव्हा ते चिन्ह आपल्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे ओळखीचे वाटेल.

सभासद बंधूंनो, लागणीला बेणे निवडताना आपण डोळा पाहतो, कांडी जुनी की कोवळी पाहतो, बेणेप्रक्रिया करतो, कारण उगवण बिघडली तर पुढे कितीही खत घातले तरी एकरी उतारा येत नाही, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. मुलांच्या बाबतीत उगवणीचा काळ हाच आहे. या हंगामात आपल्या घरी आणि जवळच्या कोपीवर एक-एक धूळपाटी तयार करावी, ही आमची विनंती. त्यातून घरातील मुलांना कोणते शब्द सुचले, कोणता खेळ आवडला, हे गट कार्यालयात येता-जाता आम्हांला जरूर सांगावे. पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडव्याच्या व्यवस्थापनाविषयी लिहू.

— ऊस विकास अधिकारी